मागची रांग

आंबेवाल्याच्या घरात वैशाखात लग्न काढू नये, असं रत्नागिरीतली जुनी माणसं सांगतात. बागेत तोड चालू असते, माणसं झेले घेऊन कलमांवर चढलेली असतात, मांगरात पेट्या भरणं चालू असतं, वाशीला जाणारा टेम्पो दारात उभा असतो. त्यात मुहूर्तमेढ रोवायला हात कुणाचा मोकळा? पण मुलाकडच्यांना रजा मेमध्येच मिळत होती आणि त्यानंतरचा बरा मुहूर्त जूनच्या मध्यावर होता, म्हणजे मांडवात छत्र्या. तेव्हा शहराबाहेरच्या एका बागायतदाराच्या घरानं दोन्ही हंगाम एकदम अंगावर घेतले.

हॉल मिळाला, आचारी मिळाला, पत्रिकेत कुणाचं नाव आधी यावरही फारसं झालं नाही. अडलं ते फोटोवर.

नवरी पुण्यात नोकरीला. तिनं मुंबईचा एक कॅंडिडवाला मनाशी पक्का केला होता. त्याच्या फोटोंत कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नसे. नवरी डोळे टिपतेय आणि मागे दिव्यांचे गोल ठिपके. मेंदीचा हात तेवढा स्पष्ट, बाकी सगळं धूसर. "कधी काढला ते कळतसुद्धा नाही," ती कौतुकानं सांगे. बाबांना मात्र रामआळीजवळच्या स्टुडिओवाल्या काकांशिवाय दुसरं नाव सुचत नव्हतं. "माझं लग्न त्यांनीच काढलं. माणूस स्टेजवर चढला की फोटोत आलाच पाहिजे. उद्या कुणी विचारलं, मी आलो होतो, मग दिसत कसा नाही, तर मी काय ठिपके दाखवू?"

नवऱ्या मुलाला प्री-वेडिंग हवं होतं. आरे-वारेच्या वळणावरून ड्रोन समुद्रावर उतरतोय आणि मग थिबा राजवाड्याच्या पायऱ्यांवर दोघं, असं त्याच्या डोक्यात होतं. आणि आत्याला हवा होता मोठा एलईडी पडदा, कारण खुर्चीवर बसून तिला कुठल्याच लग्नात फोटोवाल्यांच्या पाठीपलीकडे काही दिसलेलं नव्हतं. माझ्या मते त्या घरातली सगळ्यांत रास्त मागणी हीच होती.

आजी ओटीवर सुपारी कातरत बसली होती. थिबा पॅलेसचं नाव ऐकून ती म्हणाली, "अगो, तो ब्रह्मदेशचा राजा तिथं काय हौसेनं राहिला होता? कैद्याच्या घरात संसाराचा श्रीगणेशा कशाला करताय?" तिचं चुकत नव्हतं. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, राजाला उचलून हिंदुस्थानात आणलं आणि पुढे रत्नागिरीत ठेवलं. वाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथंच वारला. पण या शहरातल्या किती जोडप्यांनी त्या पायऱ्यांवर हातात हात घेतला असेल, त्यांच्यापैकी कुणाला ही अडचण वाटल्याचं ऐकिवात नाही.

दोन दिवस नुसती तणातणी झाली. शेवटी आजीच म्हणाली, "माळ्यावरची पेटी खाली घ्या. घरात आहेत ते फोटो आधी बघा. मग भांडा."

कोकणात फोटो राखणं म्हणजे सहा महिन्यांच्या दमटपणाशी झुंज. पेटी उघडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा आणि बुरशीचा वास एकदम आला. आजी-आजोबांचा फोटो एकच होता. लग्नानंतर आठवड्यानं दोघं स्टुडिओत जाऊन काढून आली होती. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं. आजोबा खुर्चीत, आजी उभी, दोघांचे चेहरे शिक्षा झाल्यासारखे. कृष्णधवल होता म्हणून टिकला. आई-बाबांचा अल्बम रंगीत, पण त्या काळच्या कागदावरचा निळा-हिरवा आधी उडतो, त्यामुळे सगळं लग्न तांबूस झालं होतं आणि काही फोटो वरच्या पारदर्शक कागदाला कायमचे चिकटले होते. तिसरा अल्बम चुलतभावाच्या लग्नाचा, करिझ्मा, १२ बाय ३६ इंचांची जाड पानं, दोघांनी धरून उचलायचा. चौथं लग्न पेनड्राइव्हवर होतं, मामेबहिणीचं. ते टीव्हीला लावलं.

नवरीला आपली बाजू सिद्ध करायची होती, म्हणून ती फोटोंपेक्षा बघणाऱ्यांकडेच बघत होती. आईनं तांबूस अल्बम मांडीवर घेतला. स्वतःच्या हळदीची पानं तिनं न बघताच उलटली. अंतरपाट, सप्तपदी, तेही उलटलं. एका ग्रुप फोटोवर येऊन बोट थांबलं. मागच्या रांगेत, शेवटून दुसरा, उंच म्हणून मान थोडी वाकवलेला, शर्टाचं वरचं बटण आवळून लावलेला तिचा भाऊ. नवरीचा मामा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. "गळपट्टा आवळत होता त्याला," आई म्हणाली. "हे बटण काढ म्हणून मी स्टेजवरनं खुणा करत होते." बाबांचं बोट दुसऱ्याच फोटोवर होतं. त्यात नवरा-नवरी कोपऱ्यात ढकललेली आणि मधोमध घराची जुनी पडवी, शेणानं सारवलेली, आता जिथं स्लॅब आहे ती.

करिझ्मा अल्बमकडे फारसं कुणी वळलं नाही. त्यात चुलतभाऊ आणि वहिनी एकदा ढगांत, एकदा हत्तीशेजारी, एकदा कुठल्याशा बर्फात. या प्रकाराला नावं ठेवायची तर जरा जपून ठेवावीत, कारण तो आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, स्वतः फोटो काढत. त्याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या लोकांवर दोन खंड काढले, ते 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज'. त्यातली माणसं त्यानं स्टुडिओत उभी करून टिपली आणि मागे बाहेरची दृश्यं जोडून दिली. बहुतेक चित्रांखाली माणसाचं नाव नाही, जात आहे. ढग-हत्ती त्यामानानं निरुपद्रवी.

मग पेनड्राइव्ह. हा नवरीचा हुकमी एक्का होता, कारण ते सगळं कॅंडिड होतं. फोटो खरोखरच देखणे होते. पण दहा-बारा झाल्यावर आजीनं विचारलं, "ही कोण?" मामेबहिणीची मैत्रीण. "आणि ही?" तीच. "आणि हा हसणारा?" ते कुणालाच माहीत नव्हतं. बराच वेळ असं चाललं. जे खळखळून हसत होते, ज्यांचे कपडे झगझगीत होते, जे नाचत होते, त्यांचे पन्नास पन्नास फोटो. कॅमेरा त्यांच्यामागे फिरला होता, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. त्याला चांगला फोटो हवा होता.

"मी कुठाय?" आत्यानं विचारलं.

त्या लग्नात आत्या चार दिवस कोठीघर सांभाळत होती. शोधाशोध झाली. शेवटी नवरीच्या चुड्याच्या एका फोटोत, कडेला, एक कोपर सापडलं.

"माझंच," आत्या म्हणाली. "बांगड्या ओळखल्या."

सगळे हसले, आत्यासुद्धा. बाबांना चेव आला. "म्हणून म्हणतो, स्टेजवर उभं करून काढलेला फोटोच बरा."

"मग तुमच्या अल्बममध्ये दाखवा मला," आत्या म्हणाली.

तिथंही ती नव्हती. तेव्हा लहान होती, पाण्याचे तांबे फिरवत होती, तिला स्टेजवर कुणी बोलावलंच नाही. ज्यानं बागेतून मांडवाचे वासे आणले तो गडीही नव्हता. आचाऱ्याच्या हाताखालच्या बायका नव्हत्या. आजीची धाकटी जाऊ पंगतीत वाढत राहिली आणि फोटोवाल्यांचा रोल संपला.

दुसऱ्या दिवशी नवरी आणि बाबा रामआळीकडे गेले. स्टुडिओत आता पासपोर्ट फोटो आणि आधार कार्डाचं लॅमिनेशन जास्त चालतं. काका काउंटरमागे बसून एका लेन्सच्या काचेवर आलेली बुरशी उजेडात धरून बघत होते. समुद्राकाठच्या हवेत लेन्स बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी लागते, नाहीतर आतून जाळं धरतं.

"बस बाय," ते म्हणाले. "कॅंडिड पाहिजे ना? खुशाल घे. मी रागावत नाही. माझे गुडघे आता स्टेजवर चढत नाहीत."

बाबांचा चेहरा उतरला. नवरीनं मात्र कालची सगळी हकीगत सांगितली. आत्याचं कोपर सांगितलं. काका हसले नाहीत.

"मी सुरुवात केली तेव्हा १२० चा रोल असायचा. १२ फोटो. पुढे ३५ एमएम आला, त्यात ३६. एका लग्नाला तीन रोल म्हणजे डोक्यावरून पाणी. एक फोटो फुकट गेला तर यजमान हिशोब मागायचा. मग मी काय करायचो? मांडवात शिरलो की आधी नवरीच्या मामाला गाठायचो. सांग म्हणायचो, कोण कोण हवंच आहे. तो दाखवायचा. ती आजी. तो लंगडत चालतो तो काका, त्यानं मुलीला शिकवलंय. ती कोपऱ्यातली बाई, नवरीला अंगावर पाजलंय तिनं. तेवढं आधी काढायचो. मग राहिलेल्या रोलमध्ये बाकीचं जग."

"आणि आत्या?"

"मामाला आत्या कशी आठवेल? तो आईकडचा. चूक माझीच. बाबांकडचंही कुणीतरी बरोबर घ्यायला हवं होतं." त्यांनी लेन्स खाली ठेवली. "हल्ली फोटोला पैसे पडत नाहीत, म्हणून विचारायचं कुणाला हेही राहिलं. पोरं हजारांनी काढतात. पण बाय, आंबा हातात घेऊन मुंबईचा माणूस तो पिकला की कच्चा एवढं सांगेल. कुठल्या कलमाचा ते राखणदारालाच ठाऊक. कॅमेऱ्याला नाती कळत नाहीत. ती आपण सांगायची. मग तो उभं करून काढो नाहीतर लपून काढो."

मग त्यांनी बराच वेळ धंद्यातल्या गोष्टी सांगितल्या, ज्या नवरीनं फोनवर टिपून घेतल्या. हळदीला मांडववाल्याला जांभळे दिवे लावू देऊ नको, हळदीचा रंग मरतो आणि माणसं आजारी दिसतात. दुपारचा मुहूर्त आहे तर ग्रुप फोटो उन्हात नको, हॉलच्या पडवीत घे. मुंबईचा माणूस मराठी नसेल तर त्याला आधी सांगून ठेव की अंतरपाट शेवटच्या 'सावधान'ला निघतो, वाट बघत बसणार नाही कुणी. कानपिळीला नवरीच्या भावाचा हात आणि नवऱ्याचं तोंड दोन्ही दिसेल अशा बाजूला त्याला उभं कर. सूनमुखाला सासू आरशात बघते, तेव्हा त्यानं सासूच्या खांद्यामागून काढायचा, म्हणजे आरशातली सून मिळते. आणि सगळ्यात शेवटी, निवडून दोनशे तरी कागदावर छापून घे. हार्ड डिस्क एक दिवस उघडत नाही, आणि ती उघडत नाही तेव्हा तांबूससुद्धा काही उरत नाही.

त्या संध्याकाळी ओटीवर यादी झाली. कॅंडिडवाला ठरला, पडदा ठरला, थिबा पॅलेस गेला. ड्रोनवर नवरा मुलगा अडून बसला तेव्हा आरे-वारेची एक सकाळ त्याला देऊन टाकली. पण मुंबईच्या माणसाला वाट दाखवणार कोण? आई घरची, बाबा घरचे, आत्या पुन्हा कोठीघरात. शेवटी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं: बाबांचे चुलतभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका. उभ्या तालुक्यातला कोणता माणूस कुठल्या स्टॉपला चढतो, कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाचं कुणाशी बोलणं नाही, हे त्यांना तिकिटाच्या दरासारखं पाठ. नवरीच्या आजोळच्यांची ओळख राहून जाऊ नये म्हणून मामींनी त्यांना एक वहीचं पान भरून दिलं.

काकांनी काम फारच मनावर घेतलं. यादीतलं पहिलं नाव बागेतल्या नेपाळी राखणदाराचं होतं. रत्नागिरीच्या बागांतून हंगामभर नेपाळची माणसं राखणीला असतात. तोड चालू असताना बाग सोडून त्याला हॉलवर येता येत नव्हतं. तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी काका फोटोवाल्याला पाठीमागं बसवून स्कूटरवरून मांगरात घेऊन गेले. तिथं पेंढ्यावर आढी लावलेली होती, खोकी भरणं चालू होतं. राखणदारानं आधी आंघोळ करून येतो म्हणून सांगितलं. काकांनी परवानगी दिली नाही. आढीतला हिरवा-पिवळा प्रकाश, हातातला झेला आणि कपाळावर घाम, असा फोटो झाला. मुंबईचा फोटोवाला नंतर नवरीला म्हणाला, अख्ख्या लग्नात मला आवडलेला पहिला फोटो तो.

लग्नाच्या दिवशी काकांचा आवाज सनईच्या वर होता. "पुढं सरका, पुढं सरका. मधे जागा आहे." ते फोटोवाल्याला खांद्याला धरून फिरवत होते. ही नवरीची बालवाडीची बाई. हे आजोबांचे मित्र, मिरकरवाड्याहून आलेत, डोळ्यांनी दिसत नाही, उजव्या बाजूनं घे. ही आजीची धाकटी जाऊ. ती ताक वाढत होती. तिनं पदरानं तोंड झाकलं आणि तसाच फोटो निघाला.

सरळ झालं असं नाही. नवरी मामाच्या मुलाबरोबर मांडवात येणार होती, मामाच्या जागी तो. वरून फुलं पडणार होती, दोन्ही बाजूंनी थंड फटाक्यांची कारंजी. नेमकं त्याच वेळी काकांनी फोटोवाल्याला कोठीघरात नेलं होतं, कारण आत्या त्या क्षणी नारळाच्या ढिगापाशी घटकाभर बसलेली त्यांना दिसली. "पुन्हा बसायची नाही ती," त्यांचं म्हणणं. फोटोवाल्याचा मदतनीस बाहेर होता, त्यानं काढले, पण पहिली दोन पावलं गेली. फुलं पडून झाल्यावरचीच नवरी मिळाली. कुणी म्हणालं, परत येऊ दे तिला, परत फुलं टाकू. बाबांनी साफ नाही म्हटलं. मुलगी मांडवात एकदाच येते.

नवरी चिडली. हे बरोबरच होतं. ती फुलं तिनं स्वतः निवडली होती, आणि त्या फोटोसाठी ती कितीतरी महिने दुसऱ्यांचे फोटो बघत होती. सासरी गेल्यावरही आठवडाभर ती काकांशी फोनवर बोलली नाही. यादी केल्यानं सगळंच हाती लागत नाही. आत्या मिळाली, फुलं गेली.

अल्बम गणपतीत आला. चाकरमानी घरी होते, ओटी भरलेली होती. पान उलटायला आजी कुणाला देईना. आत्याचा फोटो पूर्ण पानभर होता: एक पाय लांब केलेला, खोवणी बाजूला, तोंडात खोबऱ्याचा तुकडा, आणि तिला अजिबात न आवडलेला. "केस तरी नीट करू द्यायचे," ती म्हणाली आणि तेच पान तिनं फोनवर काढून घेतलं, मुंबईच्या मुलाला पाठवायला. राखणदाराचा वेगळा प्रिंट नेपाळला न्यायला ठेवला होता. मामाच्या मुलाचं पान उघडलं तेव्हा आईनं चष्मा लावला. त्यानं वरचं बटण उघडं ठेवलं होतं.

नवरीनं फुलांचं पान उघडलं, दोन पावलं उशिराचं, आणि काकांकडे बघून मान हलवली. राग अर्धा उतरला होता.

"काका, तुम्ही कुठल्या पानावर?" नवऱ्या मुलानं विचारलं.

अल्बम पुढून मागं आणि मागून पुढं झाला. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. हजार-बाराशे फोटो बघून झाले. काकांचा हात दोन ठिकाणी सापडला, बोट दाखवताना. बाकी काका कुठंच नव्हते. यादीत त्यांचं नाव घालायला कुणालाच सुचलं नव्हतं, आणि तेच फोटोवाल्याच्या मागं उभे होते.

तुळशीचं लग्न झाल्यावर वाडीतल्या दोन घरांनी त्यांना असंच यायला सांगितलं आहे. त्यांनी होकार दिलाय, पण जेवण पहिल्या पंगतीला हवं, आणि कॅमेरा पेटीतून निघाला की पहिलं क्लिक आपलं, या बोलीवर.